नगरपालिकेचा सूचनाफलक

प्रस्तावना

लहान शहरातील माणसाचा शासनाशी रोजचा संबंध येतो तो नगरपालिकेमार्फत. सकाळी नळाला येणारे पाणी, दाराशी येणारी घंटागाडी, रस्त्यावरचा दिवा, गटाराची सफाई, मुलाच्या जन्माचा दाखला या सर्व गोष्टी नगरपालिकेच्या कारभाराशी जोडलेल्या आहेत. या सेवांत काही बदल होणार असेल, खंड पडणार असेल किंवा नवा नियम लागू होणार असेल, तर नगरपालिका ‘जाहीर सूचना’ काढते. ही सूचना पुष्कळदा कोणी वाचत नाही. वाचली तरी तिचा अर्थ नीट लावला जात नाही. नगरपालिकेची सेवा आणि त्या सेवेची वार्ता यांचा संबंध काय, सूचना कशी वाचावी आणि ती न वाचल्यास नागरिकाचे काय नुकसान होते, हे या पाठात पाहावयाचे आहे.

नगरपालिका म्हणजे काय?

भारतात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वाढीला इ. स. १८८२ मधील लॉर्ड रिपन यांच्या ठरावामुळे चालना मिळाली. शहरातील कामे शहरातील लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी पाहावीत, हा त्यामागील विचार होता. स्वातंत्र्यानंतर १९९२ मध्ये संसदेने ७४ वी घटनादुरुस्ती संमत केली आणि १ जून १९९३ पासून ती अमलात आली. या दुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना राज्यघटनेत स्थान मिळाले. घटनेला बारावी अनुसूची जोडण्यात आली व तीत या संस्थांकडे सोपविता येतील असे १८ विषय नमूद करण्यात आले. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रस्ते व पूल, दिवाबत्ती, अग्निशमन, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद हे त्यांपैकी काही विषय होत.

घटनेनुसार नागरी संस्थांचे तीन प्रकार आहेत. ग्रामीण भागातून शहराचे रूप घेत असलेल्या वस्तीसाठी नगरपंचायत, लहान शहरासाठी नगरपरिषद आणि मोठ्या शहरासाठी महानगरपालिका असते. नगरपरिषदेलाच बोलण्यात ‘नगरपालिका’ म्हणतात. प्रत्येक राज्याचा याविषयीचा कायदा वेगळा आहे. महाराष्ट्रातील नगरपरिषदा व नगरपंचायती १९६५ च्या अधिनियमानुसार चालतात. लोकांनी निवडलेले नगरसेवक व नगराध्यक्ष धोरण ठरवितात. राज्य शासनाने नेमलेला मुख्याधिकारी त्या धोरणाची अंमलबजावणी करतो. म्हणूनच जाहीर सूचनेखाली बहुधा मुख्याधिकाऱ्याची सही आढळते.

लोकप्रतिनिधी हे नगरपालिका व नागरिक यांना जोडणारे एक महत्त्वाचे माध्यम आहे. ‘उद्या पाणी येणार का?’ हा प्रश्न प्रथम आपल्या प्रभागातील नगरसेवकालाच विचारला जातो. महाराष्ट्रातील अनेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. परंतु आरक्षणाच्या प्रश्नावरील न्यायालयीन वादामुळे निवडणुका लांबल्या आणि त्या डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या काळात तेथे प्रशासकांनी कारभार पाहिला. अशा काळात नगरसेवक पदावर नसतो. त्यामुळे लेखी सूचना व लेखी तक्रार यांचे महत्त्व अधिकच वाढते.

दवंडीपासून भ्रमणध्वनीपर्यंत

पूर्वी गावात एखादी गोष्ट सर्वांना कळवावयाची असेल तर दवंडी पिटली जाई. दवंडीवाला चौकाचौकांत थांबून वाद्य वाजवी व मोठ्या आवाजात हुकूम सांगे. दवंडी ऐकण्यासाठी अक्षरओळख लागत नसे, हा तिचा मोठा गुण होता. पण ती क्षणात विरून जाई. शेतावर किंवा कामावर गेलेल्या माणसापर्यंत ती पोहोचत नसे आणि पुढे वाद निर्माण झाला तर नेमके काय सांगितले गेले, याचा पुरावा राहत नसे.

सूचनाफलकाने ही उणीव भरून काढली. कागदावर लिहिलेली सूचना टिकते, पुन्हा वाचता येते, पुरावा म्हणून दाखविता येते. मात्र ती वाचता आली पाहिजे. घंटागाडीवरील ध्वनिक्षेपक, वृत्तपत्रातील जाहिरात, नगरपालिकेचे संकेतस्थळ, भ्रमणध्वनीवरील संदेश अशी अनेक साधने आता वापरली जातात. साधने वाढली तरी मूळ प्रश्न तोच राहिला आहे : ज्याला सूचनेची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्यापर्यंत ती वेळेवर व कळेल अशा भाषेत पोहोचते काय?

एक नमुना

नगरपालिकेच्या फलकावर पुढीलसारखी सूचना नेहमी दिसते :

जाहीर सूचना
मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम तातडीने हाती घेण्यात येत असल्याने प्रभाग क्र. ३ व ४ मधील पाणीपुरवठा बुधवारी व गुरुवारी खंडित राहील. शुक्रवारी पाणीपुरवठा कमी दाबाने होईल. तरी नागरिकांनी पाणी काटकसरीने वापरून सहकार्य करावे.
मुख्याधिकारी

पहिल्या वाचनात ही सूचना पुरेशी वाटते. कारण, स्थळ आणि वार तिच्यात आहेत. ‘खंडित’ म्हणजे मध्येच थांबलेला, ‘जलवाहिनी’ म्हणजे पाण्याची नळवाट, एवढे कळले की अर्थही लागतो. परंतु बारकाईने पाहिल्यास काही उणिवा ध्यानात येतात. वार आहे, पण तारीख नाही. भिंतीवर चिकटविलेला कागद कित्येक आठवडे तसाच राहतो. मग तो कोणत्या बुधवारविषयी बोलतो हे कसे समजावे? सूचना कधी काढली, तिचा जावक क्रमांक काय, म्हणजेच कार्यालयातून बाहेर पडताना तिची कोणत्या क्रमांकाने नोंद झाली, हे दिलेले नाही. पाणी बुधवारी किती वाजल्यापासून बंद होणार, टँकरची पर्यायी सोय आहे काय, अडचण आल्यास कोणाकडे जावे, याचाही उल्लेख नाही.

चांगली सूचना काय, कोठे, केव्हापासून, केव्हापर्यंत, का, पर्याय कोणता आणि विचारणा कोठे करावी, या सात प्रश्नांची उत्तरे देते. यांपैकी एखादे उत्तर नसेल, तर ते कार्यालयात जाऊन विचारणे हे नागरिकाचे काम आहे. ‘सहकार्य करावे’ ही विनंती नगरपालिका करते. पण सहकार्य करण्यासाठी पुरेशी माहिती देणे ही तिचीही जबाबदारी ठरते.

पाण्याची वार्ता

नळापर्यंत येणारे पाणी लांबचा प्रवास करून येते. धरण, नदी किंवा तलाव येथून पंपाने उपसलेले पाणी जलशुद्धीकरण केंद्रात येते. तेथे तुरटीने त्यातील गाळ खाली बसवितात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि जंतुनाशासाठी क्लोरीन मिसळतात. मग ते उंच टाकीत चढवून निरनिराळ्या भागांना ठरलेल्या वेळी सोडतात. या साखळीतील एक कडी जरी निसटली, तरी नळ कोरडा पडतो. वीज गेली तर पंप थांबतो. पावसाळ्यात नदी गढूळ झाली तर शुद्धीकरणाला अधिक वेळ लागतो. वाहिनी फुटली तर दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवावे लागते.

नाशिक जिल्ह्यातील मनमाड हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सुमारे ८० हजार होती. शहराला वागदर्डी धरणातून पाणी मिळते. पण हे धरण पावसाच्या पाण्यावर दर वर्षी भरेलच असे नाही. त्यामुळे पालखेड कालव्याला सुटणाऱ्या पाण्यावर शहराला विसंबावे लागले. कालव्याला ठरावीक काळाने पाणी सोडण्याच्या पाळीला ‘आवर्तन’ म्हणतात. आवर्तन लांबले की शहरातील नळाची पाळीही लांबत असे. टंचाईच्या वर्षांत मनमाडकरांना १५ ते २० दिवसांतून एकदा पाणी मिळाल्याचे प्रसंग आलेले आहेत. अशा शहरात ‘आवर्तन अमुक तारखेस सुटणार’ ही ओळ केवळ शासकीय बातमी राहत नाही. घरातील पिंप किती दिवस पुरवायचे, कपडे कधी धुवायचे, मजुरीचा दिवस कोणी बुडवायचा, हे सारे त्या ओळीवर ठरते. पाणी नेमके केव्हा येणार हे ठाऊक नसेल, तर घरातील कोणाला तरी, बहुधा बाईला, काम सोडून नळाजवळ वाट पाहत बसावे लागते. पाणी कमी असले तरी त्याची वेळ अचूक कळविणे नगरपालिकेच्या हाती असते, आणि त्या एका गोष्टीनेही माणसांचे कष्ट वाचतात.

पाणी अनियमित असले की साठा वाढतो आणि साठ्याबरोबर आरोग्याचा प्रश्न उभा राहतो. डेंग्यू पसरविणारा एडिस डास घरातील साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून पूर्ण डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करावीत, अशी सूचना आरोग्य विभाग देतो. यालाच ‘कोरडा दिवस’ म्हणतात. आठवडा हीच मुदत का, याचे उत्तर डासाच्या वाढीत आहे. मात्र जेथे पाणी पंधरा दिवसांनी येते, तेथे भांडी रिकामी करणे शक्य होत नाही. तेथे निदान प्रत्येक भांडे घट्ट झाकणे किंवा त्यावर कापड बांधणे आवश्यक ठरते. कारण कळले म्हणजे सूचनेतील हेतू परिस्थितीनुसार पाळता येतो.

तसेच, पुरवठा बंद असताना वाहिनी रिकामी होते आणि फटींतून बाहेरचे घाण पाणी आत शिरू शकते. म्हणून दुरुस्तीनंतर येणारे पहिले गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये व पाणी उकळून प्यावे, असे सांगितले जाते.

कचऱ्याची वार्ता

केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकली. भाजीची देठे, उरलेले अन्न हा ओला कचरा. कागद, प्लॅस्टिक, काच, धातू हा सुका कचरा. रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधे, जुन्या बॅटऱ्या हा घरगुती घातक कचरा. वापरलेले डायपर व सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यावेत, असेही या नियमांत सांगितले होते.

ओला कचरा वेगळा असेल तर त्यापासून खत किंवा बायोगॅस तयार होतो. सुका कचरा कोरडा असेल तर तो विकला जातो व पुन्हा उपयोगात येतो. दोन्ही एकत्र झाले की ओल्याने सुका कुजतो, सुक्याने ओला बिघडतो आणि दोन्ही निरुपयोगी होतात. शिवाय मिसळलेला कचरा निवडण्याचे काम सफाई कामगाराला करावे लागते. त्यात फुटकी काच असते, सुई असते. घरात एक मिनिट वाचविल्याची किंमत दुसऱ्याच्या हाताला मोजावी लागते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले या किनाऱ्यावरील शहराने या बाबतीत चांगले उदाहरण घालून दिले. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १२ हजारांच्या आसपास होती. २०१५ नंतरच्या काळात तेथील नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगळा करून घेण्यावर भर दिला. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, प्लॅस्टिकचा भुगा करून रस्त्याच्या डांबरीकरणात वापर, वाळलेल्या पालापाचोळ्यापासून इंधनाच्या कांड्या असे प्रयोग तेथे झाले. जेथे पूर्वी दुर्गंधीमुळे कोणी फिरकत नसे, त्या कचरा डेपोच्या जागी लोक पाहावयास येऊ लागले. असे यश केवळ यंत्रांनी मिळत नाही. कोणता कचरा कशात टाकायचा, हे प्रत्येक घराला समजावे लागते आणि प्रत्येक घराने ते रोज पाळावे लागते.

मुदतीच्या सूचना

काही सूचना न वाचल्यास एखाद्या दिवसाची गैरसोय होते. काही न वाचल्यास हक्क हातचा जातो. मालमत्ता कराची सूचना ही दुसऱ्या प्रकारची आहे. महाराष्ट्रातील नगरपरिषदांत सामान्यतः दर चार वर्षांनी घरांची नव्याने कर आकारणी होते. तिला ‘चतुर्थ वार्षिक कर आकारणी’ म्हणतात. प्रथम आकारणीची यादी तयार होते, ती पाहण्यासाठी खुली ठेवली जाते आणि हरकती मागविल्या जातात. हरकत म्हणजे लेखी आक्षेप. घराचे क्षेत्रफळ जास्त लागले असेल, राहत्या घराला दुकान म्हटले असेल किंवा पाडलेली खोली अजून नोंदीत असेल, तर सूचनेतील मुदतीत हरकत घेता येते व सुनावणी मिळते. मुदत टळल्यावर तीच चूक दुरुस्त करून घेणे फार कठीण जाते. फलकावरच्या एका कागदाकडे दुर्लक्ष केल्याने एखादे कुटुंब पुढील काही वर्षे जास्तीचा कर भरीत राहते.

जन्म व मृत्यूची नोंदही मुदतीशी बांधलेली आहे. १९६९ च्या कायद्यानुसार ही माहिती २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. रुग्णालयात जन्म झाल्यास ते रुग्णालय कळविते. घरी झाल्यास कुटुंबाने कळवावयाचे असते. मुदत उलटल्यास विलंब शुल्क द्यावे लागते आणि एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. २०२३ च्या दुरुस्तीमुळे या नोंदीचे महत्त्व अधिक वाढले आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहनचालक परवाना अशा अनेक कामांत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरविण्यात आला आहे. बाळाचे नाव ठरले नसले तरी नोंद करता येते. नाव नंतर घालता येते. बारशासाठी नोंद थांबवू नये.

विचारण्याचा हक्क

सूचना ही एका बाजूने येणारी आज्ञा नव्हे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने सार्वजनिक कार्यालयांवर काही माहिती आपण होऊन जाहीर करण्याचे बंधन घातले आहे. याखेरीज हवी असलेली माहिती नागरिक लेखी अर्ज करून मागू शकतो आणि त्याला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदाही लागू आहे. त्यानुसार अधिसूचित सेवा किती दिवसांत मिळेल, कोणता अधिकारी ती देईल व ती न मिळाल्यास अपील कोणाकडे करावे, हे कार्यालयाने फलकावर लावले पाहिजे. योग्य कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हा हक्क वापरताना काही साध्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. तक्रार लेखी असावी. तीत तारीख, प्रभाग, नेमकी जागा व अडचण यांचा स्पष्ट उल्लेख असावा. ‘दिवे लागत नाहीत’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘शाळेसमोरील खांबावरील दिवा आठ दिवसांपासून बंद आहे’ असे लिहिलेली तक्रार लवकर मार्गी लागते. अर्ज दिल्यावर त्याची पोच घ्यावी. म्हणजे आपल्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का व तारीख घ्यावी. तोंडी केलेली विनवणी विसरली जाते. पोच असलेल्या अर्जाचे उत्तर मात्र कार्यालयाला द्यावे लागते.

समारोप

नगरपालिकेची सेवा दोन भागांची असते. एक भाग म्हणजे प्रत्यक्ष काम आणि दुसरा म्हणजे त्या कामाची वेळेवर दिलेली, समजेल अशी माहिती. दुसरा भाग नसेल तर पहिल्याचाही उपयोग अर्धाच होतो. टँकर आला, पण गल्लीला कळलेच नाही. यादी खुली झाली, पण कोणी पाहिलीच नाही. अशा वेळी काम झाल्याची नोंद कागदावर राहते आणि गरज घरातच राहते.

साक्षर होण्याचा एक अर्थ येथे दिसतो. स्वतःची सही करता येणे ही सुरुवात आहे. भिंतीवरचा कागद स्वतः वाचणे, त्यातील तारीख व मुदत टिपणे, त्यात काय लिहिलेले नाही हे ओळखणे आणि ते जाऊन विचारणे, ही पुढची पायरी होय. जो वाचू शकतो त्याने ती सूचना शेजारच्या न वाचता येणाऱ्या माणसालाही सांगावी. दवंडीचे जुने काम अशा रीतीने आजही चालू राहू शकते.

स्वाध्याय

१. दवंडी व सूचनाफलक यांतील प्रत्येकी एक गुण व एक उणीव सांगा.
२. पाठातील नमुना सूचनेत कोणती माहिती राहून गेली आहे? ती घालून सूचना पुन्हा लिहा.
३. ‘कोरडा दिवस’ आठवड्यातून एकदा का पाळतात? पाणी पंधरा दिवसांनी येत असेल तेथे काय करावे?
४. ओला व सुका कचरा एकत्र केल्याने कोणाकोणाचे नुकसान होते?
५. हरकत, पोच, आवर्तन, जावक क्रमांक या शब्दांचा अर्थ सांगून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.
६. तुमच्या गावातील किंवा शहरातील स्थानिक कार्यालयाच्या फलकावरील एक सूचना उतरवून आणा. सात प्रश्नांपैकी किती प्रश्नांची उत्तरे तीत मिळतात ते तपासा.
७. तुमच्या वस्तीतील एका अडचणीविषयी मुख्याधिकाऱ्यांना उद्देशून दहा ओळींचा तक्रार अर्ज लिहा.